इंदुताईंची पत्रं तिकिटावर

इंदुताईंनी पुस्तिका गुणवंतरावांच्या टेबलावर आपटली.

"हे माही पत्रं. मले न विचारता छापले. उद्या वडसाले नाटकात माह्या पोरीच्या मरणाचं पत्र वाचून राह्यले, तिकीट लावून. ते थांबवा, भाऊ."

चांद्याचे खासगी गुप्तहेर गुणवंतराव यांच्या नाकावरच राग. त्यांनी पुस्तिका चाळली. बेचाळीसमध्ये तुरुंगात गेलेल्या नवऱ्याला ताईंनी लिहिलेली पत्रं होती. शेवटचं, लेक गेल्याचं.

"पत्रं होते कुठी?"

"आमच्या यायच्या, माह्या मालकाच्या पेटीत. मरताना पेटी पुतण्याले देली, भैयाजीले. माह्यापाशी कच्ची वही, माळ्यावर. खाडाखोड नको म्हणून मी आधी वहीत लिहो."

"माळ्यावर कोण चढते?"

"मी नाई चढत आता. दिवाळीत भैयाजीनंच झाडून देला."

"पेटी त्याची, तं पत्रंबी त्याचेच ना?" सहायक पोचूने विचारलं. गुणवंतरावांनी पुस्तिका खिशात कोंबली.

तिघं वडसाला गेले. नाटक कंपनीचा मालक लटारू मंडपातच होता. "मले काय मालूम? भैयाजीनं पुस्तक देलं, मी प्रवेश बसवला."

भैयाजी पान चघळत आला. "सारे पत्रं काकाच्या पेटीतले. काकूच्या घरचा कागद मी शिवलो नाई. माल माहा, मी छापीन."

"शेवटचंबी पेटीतलं?"

"हो. काकानं जिवापाड जपलं होतं."

गुणवंतराव उसळले. "मरणाचं पत्र कोणी जपते का, लबाडा? कोपरा फाडून धाडतेत, वाचलं का फाडून फेकतेत. घरात ठेवत नाईत."

"यायनं तुरुंगातच फाडलं," ताई म्हणाल्या. "सुटल्यावर मले सांगतलं."

"मंग तो मजकूर एकाच जागी उरला, ताईच्या वहीत. माळा झाडताना यानं वही उचलली."

"अन् बाकीचे पत्रं?" पोचूने विचारलं.

"कागद याचा, शब्द ताईचे. लिहिणारीले न विचारता छापता येत नाई, मंचावर वाचताबी येत नाई. लटारूभाऊ, उद्या वाचलं तं तुमालेबी कोर्टात उभं करीन."

लटारूने तिथल्या तिथे प्रवेश काढला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा भैयाजी आता पुटपुटला, "वही आणून देतो, काकू."

"वही आण. पुस्तकंबी आण. अन् ज्यायनं वाचलं, त्यायच्या डोक्यातून माही पोर कशी आणशीन, ते सांग."