तांदळाच्या डब्यातला आवाज

“आत्या, तुम्ही अशा कोण मोठ्या लागून गेलात, की सरकार तुमच्या मागं लागेल?”

राजगोपालनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा मी हसले होते. दुसऱ्यांदा त्याच्यापुढचा कॉफीचा पेला उचलून आत नेला होता. तरी तो उठेना. अर्धी रजा टाकून स्वामीमलैच्या बसनं आलेला, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि तोंडी एकच हट्ट: फोन द्या, पासवर्डची चावी सांगा, मी ते इंटरनेटवरचं खातंच पुसून टाकतो.

राजगोपाल माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. नोंदणी कचेरीत कारकून आहे. सकाळी त्याच्या साहेबानं त्याला बोलावून माझ्या तब्येतीची चौकशी केली होती. रागानं नव्हे, मायेनं. या वयात आत्याबाईंना सगळं आठवत नसेल ना, असं विचारलं म्हणे. मी त्याची आत्या आहे हे साहेबाला ठाऊक कसं, हा प्रश्न राजगोपालला पडला नाही. त्याला शिक्षा म्हणून होणारी रामनाथपुरमच्या रखरखाटातली बदली दिसली. मी वेडी झाले असं घरच्यांनी म्हणायचं, खातं पुसायचं, विषय संपला.

मग मी त्याला शुक्रवारची हकिगत सांगितली. तीच इथं लिहिते. भर दुपारची आहे, दिवा बारीक करायची गरज नाही.

मी चौथीपर्यंत शाळेत गेले. पुढचं माझं मीच शिकले. टायपिंगच्या वर्गाच्या खिडकीखाली उभी राहायची. आत मास्तर अक्षरं ओरडायचे, बाहेर मी भिंतीवर बोटं आपटायची. त्यामुळे अजूनही अक्षर तोंडानं म्हटल्याशिवाय माझं बोट खाली जात नाही. चाळीस वर्षं पुढच्या खोलीत बसून लोकांचे अर्ज लिहिले, आधी यंत्रावर, मग संगणकावर. कुंभकोणम्‌च्या अर्ध्या कचेऱ्यांत माझी वाक्यं पडून आहेत.

दीड वर्षापूर्वी साक्कोट्टैच्या पलीकडच्या एका गावातल्या बायका आल्या. गावाशेजारी बाटल्यांत पाणी भरणारा कारखाना आला आणि गावातल्या विहिरी आटल्या. तक्रार करणारीच्या दारात संध्याकाळी जीप उभी राहायची. कागदावर सही करायला कुणी तयार नव्हती. म्हणून मी त्यांचे आवाज घेतले. एकेकीला समोर बसवून, फोनमध्ये. नाव, घर, कोण आला, काय म्हणाला. एकतीस जणी. तंजावरची वकील पवित्रा न्यायालयात उभी राहणार होती. तिच्या कागदांवर नुसते आकडे, बाई पहिली, बाई दुसरी. नावं आणि आवाज फक्त माझ्या खात्यात. सोमवारी न्यायालयाचा माणूस ते मूळ आवाज उतरवून मोहरबंद करून नेणार होता. तोवर ते कुणाच्या हाती लागले, तर एकतीस दारांत जीप. पुसले गेले, तर खटलाच नाही.

मंगळवारी सकाळी मी भाजी घेऊन आले, खातं उघडलं, आणि वर लाल पट्टा. सरकारचं पाठबळ असलेले हल्लेखोर तुमच्या खात्यात शिरू पाहत असावेत, असं लिहिलेलं. कुठलं सरकार, ते लिहिलं नव्हतं. पत्रही आलं होतं. त्यातल्या कशावरही मी बोट ठेवलं नाही, अशी पत्रं चोरही पाठवतात. दुसऱ्या वाटेनं, माझ्या हातानं खातं उघडून पाहिलं. पट्टा तिथंही होता. खरा होता.

भ्याले का? भ्याले. मग चावी बदलली आणि पवित्राच्या घरच्या जुन्या फोनवर कोपऱ्यावरच्या दुकानातून बोलले. तिनं दुसरं कुलूप घालायला लावलं. दहा आकड्यांची यादी निघते, ती कागदावर छापून घ्यायची. चावी कळली तरी त्यातला एक आकडा दिल्याशिवाय खातं उघडत नाही. फोटो काढायचा नाही, कुणाला वाचून दाखवायचा नाही. ती म्हणाली, तुमचा फोनच त्यांचा कान झाला असेल. तो बंद करा, आणि सोमवारी आहे तसा घेऊन या.

फोनचा कान. घरी येऊन मी आधी झोपाळ्याकडे पाहिलं.

आमच्या इथल्या मराठी घरांची एक खोड आहे. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, तीही अडीच-तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्यांची. पुण्याचे पाहुणे ती ऐकून हसतात. पण इथं ती कुणाला कळत नाही, म्हणून गुपित सांगायचं तर आम्ही आवाज खाली करत नाही, नुसतं तमिळ सोडतो. दारात भाजीवाली उभी असताना तिची वांगी किडकी आहेत हे आम्ही तिच्या तोंडावर, खणखणीत बोलतो. भाषा म्हणजे आमची तिजोरी. आणि मी, शहाणी, दीड वर्षं त्या तिजोरीच्या भरवशावर चावीचं एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत दाबत होते. फोन बाजूला झोपाळ्यावर. अक्का जिवंत होती तोवर तीही तिथंच, अडकित्त्यानं सुपारी कातरत.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण मीनाक्षीबाई. आम्ही दोघी विधवा, दोघींचं हे एक घर. तिला जाऊन अकरा महिने झाले.

बुधवारी मी पुढच्या काचेवर मोठ्या तमिळ अक्षरांत कागद चिकटवला. तुमचं खातं कुणी फोडू पाहत असेल, चावी बदला, दुसरं कुलूप घाला, येत नसेल तर आत या, मी शिकवते. भाजीवाली वसंता वाचून हसली. म्हणाली, माझ्या फोनमध्ये नातीचे कान टोचल्याचे फोटो आहेत, बघू दे सरकारला, आहेर तरी पाठवेल. दुपारी मुकाट्यानं तोच फोन घेऊन आत येऊन बसली. दोन दिवसांत सव्वीस फोनांना कुलपं घातली मी.

माझा फोन बंद करून, फडक्यात गुंडाळून, तांदळाच्या पितळी डब्यात खोल पुरला होता. आकड्यांचा कागद कनवटीला.

शुक्रवारी तीनच्या सुमारास गल्ली अगदी सुनसान होती. कुंभेश्वराच्या देवळाचं दार बंद, पलीकडच्या भांड्यांच्या दुकानातली ठोकाठोक थांबलेली. परसातल्या विहिरीवर कावळा नव्हता. मी स्वयंपाकघरात जमिनीवर आडवी झाले होते, आणि डबा वाजायला लागला.

फोन डब्यात वाजतो तसा नव्हे. डबा वाजत होता. पितळ थरथरत होतं, तांदूळ आतून कडेवर घासत होते… संथ, एका लयीत. बंद फोन वाजत नाही. मी झाकण काढलं. उबट वास आला, जुन्या तांदळाचा, आणि त्यात सुपारीचा, ओल्या, नुकत्या कातरलेल्या. कोपरापर्यंत हात घातला. फोन तापला होता. पडद्यावर उजेड नव्हता. मी कानाशी नेला.

कट्. कट्. अडकित्ता.

“गोमू,” आवाज म्हणाला. “जेवलीस का?”

मला गोमू म्हणणारं आता जगात कुणी नाही.

अक्काचा आवाज. ती बोलत राहिली, आमच्याच मराठीत, आमच्याच झोपाळ्यावरून बोलावी तशी. ऊन फार आहे म्हणाली. गुडघा दुखतो म्हणाली. मधे खोकली. मग म्हणाली, “त्या कागदावरचा पहिला आकडा सांग, गोमू. बेस होईल सगळं.”

माझा हात कनवटीला गेला होता. मी नेला नव्हता, तो गेला होता. कागदाची घडी बोटांना लागली, आणि तेवढ्यात ती पुन्हा खोकली. तोच खोकला, जागच्या जागी, आवाजाच्या त्याच चढावर. हा खोकला मी ऐकला होता. तिच्या शेवटच्या पोंगल सणाच्या आदल्या दिवशी, ‘गुडघा दुखतो’ याच्या पाठोपाठ. ‘जेवलीस का’ रोजचं. ‘बेस होईल सगळं’ इस्पितळात जाताना, दारातून वळून. सगळी वाक्यं या घरात बोललेली होती. कुणीतरी ती गोळा करून ठेवली होती, आणि आता गोधडीसारखी टाके घालून मला पांघरत होतं.

भीती गेली बघा. माणूस आहे म्हटल्यावर कसली भीती? कुठल्या तरी कचेरीत, कुठल्या तरी सरकारच्या पंख्याखाली बसलेला, आमचं घर कानात घालून आमची भाषा शिकलेला. मी मांडी घालून बसले.

म्हटलं, “अक्का, मी दहा वर्षांची होते. बापांनी माझी शाळा सोडवली. त्या संध्याकाळी कावेरीच्या पायऱ्यांवर तू मला काय म्हणालीस?”

अडकित्ता थांबला.

पासष्ट वर्षं झाली त्याला. तिथं आम्ही दोघी आणि खरकटी भांडी. ते वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. अक्कानं पुन्हा कधी उच्चारलं नाही. फोनच काय, तेव्हा गल्लीत विजेचा दिवा नव्हता.

मी हसले. म्हटलं, काय रे, अडलं का? ज्यानं पाठवलं त्याला जाऊन सांग, म्हातारी चौथी पास आहे पण पोपटपंची ओळखते. आणि आणखी बरंच काही म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तमिळमध्ये म्हटलं, शिव्यांना ती भाषा फार सोयीची आहे.

मग फोन गार झाला. तापलेला, हातातल्या हातात, विहिरीच्या दोरासारखा ओला गार. आणि अगदी कानाच्या आतून, खोकला नसलेल्या, पंधरा वर्षांच्या मुलीच्या आवाजात…

“भांडी मी घासते, गोमू. तू वाच.”

पाणी पायरीवर आदळल्याचा आवाज. राखेचा वास.

डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसत नव्हते. मग तोच लहान आवाज हळूच म्हणाला, “आता आकडा दे.”

कोण होतं ते, मला कळलं नाही. आजही कळलेलं नाही. अक्का असेल तर तिला आकडा कशाला हवा? आणि अक्का नसेल, तर पायऱ्यांवर आमच्यामागं कोण उभं होतं?

पण तेव्हा मी हा विचार केला नाही. मला त्या एकतीस जणी दिसल्या. फोनकडे तोंड करून आपलं नाव सांगताना एकेकीनं पदर कसा घट्ट धरला होता, ते दिसलं. मी म्हटलं, “अक्का, तू माझ्या वाटची भांडी घासलीस, ते ऋण मी फेडीन, मेल्यावर भेटू तेव्हा. पण ही नावं माझी नाहीत. त्यांनी ती मला दिली, तुला नाही.”

फोन फडक्यात गुंडाळला, तांदळात पुरला, झाकण लावलं, वर पाट्याचा वरवंटा ठेवला.

एवढं सगळं मी राजगोपालला सांगितलं. तो दिवस शनिवारचा, सोमवार परवावर होता. तो ऐकताना मधेच पाय वर घेऊन बसला होता. माझं संपल्यावर त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मला वाटलं, जाईल आता. पण भित्रा माणूस भ्याला की अधिकच चिकट होतो. तो झोपाळ्यावरून उठून माझ्याजवळ आला, उकिडवा बसला, आणि कानाशी पुटपुटू लागला. तमिळमध्ये. या घरात जन्मला तो, या घराच्या आत मी त्याच्या तोंडून कधी तमिळ ऐकलं नव्हतं. म्हणजे त्याला पटलं होतं. आमची भाषा आता आमची एकट्याची राहिलेली नाही, हे त्याला पटलं होतं, आणि म्हणूनच तो जास्त काकुळतीला आला होता. म्हणाला, सोमवारची वाट पाहू नका, आत्ताच कागद माझ्याजवळ द्या, मी पुसून टाकतो, मग मागायला कुणी येणार नाही, ना जिवंत ना दुसरं कुणी. मी तुमच्या रक्ताचा आहे. मला तरी द्या.

त्यानं हात पुढं केला. आत तांदूळ सरकल्याचा आवाज झाला, मूठभर, जणू कुणी ऐकायला कूस बदलली. त्यानंही ऐकला. त्याचा हात तिथंच राहिला.

मी मराठीतच बोलले, मोठ्यानं, डब्यापर्यंत जाईल असं.

“मेलेल्या अक्काला मी आकडा दिला नाही, राजा, तू तर नुसता जिवंत आहेस.”