गाडीतलं सहावं मूल

वंशावळ काढणं म्हणजे काहीतरी मोठं शास्त्र असावं, असं लोकांना वाटतं. नकाशेबाई हसायच्या. "शास्त्र कसलं डोंबलाचं! उकिरडा उपसायचा धंदा आहे हा. दहा टोपल्या कचरा काढावा तेव्हा एक टाचणी हाती लागते."

भूमापन कचेरीत पस्तीस वर्षं जमिनींचे नकाशे उतरवून काढले, म्हणून सगळे त्यांना नकाशेबाईच म्हणत. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा त्या लोकांच्या घराण्यांची झाडं काढून देऊ लागल्या. पूर्वजांत एखादा सरदार निघावा अशी ज्याला त्याला हौस असते. निघायचा तो गुराखी, नाहीतर बायकोशी भांडून परागंदा झालेला. बाईंना त्याचं काही वाटत नसे. कोण कुठून आलं, कोण कुणाचं, एवढं कळलं की त्यांना अन्न गोड लागायचं.

अशातच माळावरच्या एका शेतकरी घरातून पत्र आलं. लिहिणारी त्या घरातली सर्वांत वडील बाई होती. तिला सगळं गाव आत्या म्हणे. "आमच्या घराण्याने हा माळ पहिल्यांदा नांगराखाली आणला. त्याआधी इथे माणूसवस्ती नव्हती. आमचं झाड काढून द्या. जमेल तेवढं लवकर या. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे."

बाई सोमवारी सकाळच्या गाडीने निघाल्या. नदीवरचा पूल ओलांडला, घाट चढला, आणि पुढे सपाट माळ लागला. चहूकडे कापणी झालेली शेतं, मधे एक लांबट दगडी घर. दारात आत्या उभी होती. बारीक, ताठ, पांढऱ्या केसांची. तिचा भाचा शेत बघायचा आणि त्याची बायको, म्हणजे सूनबाई, घर. तीन माणसांचं घर, पण खोल्या चिक्कार.

आत शिरताच बाईंना नुकत्याच नांगरलेल्या जमिनीचा वास आला, ओला आणि गार. त्यांनी खिडकीतून पाहिलं. शेतं कोरडी ठणठणीत होती. नांगरणीला अजून दोन महिने होते.

"वास कसला हो?" त्यांनी विचारलं.

"कसला?" सूनबाई म्हणाली. "आम्हाला नाही येत."

काम मात्र सोपं निघालं. घरात कागद नीट जपलेले होते. मूळपुरुष दीडशे वर्षांपूर्वी बायको, मुलं, बैलगाडी, नांगर आणि बियाणं घेऊन आला होता. पडीक माळ फोडेल त्याला जमीन, असा सरकारचा जाहीरनामा होता तेव्हा. तीन महिन्यांनी सरकारी मोजणीदार आला आणि त्याने घरातली माणसं लिहून घेतली. नवरा, बायको, मुलं सहा. वयं बारा, दहा, नऊ, सात, सहा, तीन.

बाईंनी मोठा कागद पसरला आणि शिसपेन्सिलीने फांद्या काढायला घेतल्या. थोरला तापाने गेला. दोघी मुली लग्न होऊन गेल्या, त्यांचे वंश पुढे खुंटले. धाकटे दोघे शहरात गेले, त्यांना मुलंबाळं झाली नाहीत. उरला तो एकच, मोजणीच्या वेळी सात वर्षांचा असलेला. घरात त्याला मधला म्हणत. विहीर कुठे खणायची ते त्यानेच दाखवलं म्हणे, आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, एवढासा पोर असताना. तीस हातांवर पाणी लागलं, ते आजवर आटलेलं नाही. आज या घरात जे कुणी होते ते सगळे मधल्याचे.

"याच्या मृत्यूची नोंद नाही सापडत," बाई म्हणाल्या. "बाकी पाचही भावंडांची आहे."

"ते एका दुपारी शेत बघून येतो म्हणून गेले," आत्या म्हणाली. "एक्याऐंशी वर्षांचे होते. परत आले नाहीत."

"शोधलं नाही कुणी?"

"कुठे शोधणार? शेतातच होते की ते..."

जेवायच्या वेळी बाईंना आणखी एक गंमत दिसली. सूनबाईने ताटं मांडली नाहीत. ताटांची चळत मधोमध ठेवली आणि ज्याने त्याने आपापलं उचललं. बाई सवयीने पुटपुटल्या, "मी, आत्या, तुम्ही दोघं, म्हणजे..."

आत्याने चटकन त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "बाई, या घरात माणसं मोजत नाहीत."

भाचा खाली मान घालून हसला. "जुनी पद्धत आहे. खानेसुमारीवाला येतो तेव्हा आत्या नावं सांगते, आकडा सांगत नाही. तो बिचारा बाहेर जाऊन मोजतो."

कुतूहल गप्प बसू देईना. जेवणं झाली, भाचा बाहेर पडला, सूनबाई मागच्या अंगणात भांडी घासायला बसली. खोलीत दोघीच उरल्या तेव्हा बाईंनी विषय काढला. "आत्या, तुम्ही मला झाडासाठी नाही बोलावलंत. झाड तर तुम्हाला तोंडपाठ आहे."

आत्याने उठून दार लोटलं. दुपारचं लख्ख ऊन खिडकीत होतं, तरी ती कुजबुजत बोलायला लागली.

"माझी आजी या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा मूळपुरुषाची बायको अजून जिवंत होती. खूप म्हातारी. तिने आजीला सांगितलं आणि आजीने मला. मुलग्यांना सांगत नाहीत. माळावरची पहिली संध्याकाळ. गाडी सोडली होती, चूल पेटवली होती. तिने मुलांना जेवायला बसवलं, पाच वाट्या मांडल्या. एक कमी पडली."

"म्हणजे?"

"मुलं पाच आणली होती, बाई. बसली होती सहा."

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"तिने पुन्हा मोजलं. सहा. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. परकं कुणीच नव्हतं. सगळी तिचीच. सगळी तिला आई म्हणत होती. आणि..." आत्याचा आवाज आणखी उतरला. "सहाही बाळंतपणांच्या कळा तिला आठवत होत्या. तिने नवऱ्याला हलवून सांगितलं. तो म्हणाला, तू दमली आहेस, सकाळी मोज. सकाळीही सहाच. त्यानंतर तिने कधी मोजलं नाही. आम्हीही नाही."

वरच्या मजल्यावर कुणीतरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेलं. बाईंनी खिडकीतून पाहिलं. भाचा लांब बांधावर उभा होता. मागून भांड्यांचा आवाज येत होता.

"आत्या... वर कोण आहे?"

"विचारू नका," आत्या म्हणाली. "तुम्ही आता मनात मोजलंत ना? विसरून जा."

मग आत्याच म्हणाली, "एकविसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. मुलगा शाळामास्तर होता, गुणी होता. साखरेसारखा गोड बोलायचा. लग्नाआधी आठ दिवस आजीने मला हे सांगितलं. त्या सहांतला नेमका कोण जास्तीचा, ते कुणालाच माहीत नाही. मी त्या पाचांपैकी कुणाची, की त्या एकाची? माझ्या पोटी काय येईल? मी त्याला नाही म्हणून कळवलं. कारण काय सांगणार होते? आता मरायच्या आधी मला एवढं कळू दे. तुम्ही कागदांतून माणसं काढता ना? मग हाही काढा."

बाई दोन दिवसांनी नदीकाठच्या गावी गेल्या. पूल होण्याआधी माळावर जायला नावेवाचून दुसरी वाटच नव्हती, आणि नावेतून कोण आलं, कोण गेलं, सोबत काय नेलं, हे सारं घाटावरचा कारकून वहीत लिहून ठेवायचा. त्या वह्या जुन्या दप्तरखान्यात होत्या. दप्तर सांभाळणारा गृहस्थ जाड चष्म्याचा आणि मिठ्ठास बोलण्याचा होता. "बाई, या वह्यांना माझ्यानंतर तुम्हीच हात लावताय. आणि माझ्याआधी उंदरांनी."

तिसऱ्या वहीत नोंद सापडली. अक्षर सुरेख होतं. बैलगाडी एक, बैल दोन, नांगर एक, बियाण्याची पोती चार. नवरा, बायको, मुले पाच. वये बारा, दहा, नऊ, सहा, तीन.

बाईंनी आकड्यांवरून बोट फिरवलं. नऊनंतर थेट सहा. सात नव्हताच.

त्यांच्या मानेवर गार वारा आल्यासारखं झालं. खरं तर खिडकी बंद होती. त्यांनी ती ओळ पेन्सिलीने उतरवून घेतली, शिक्क्याची नक्कल मिळावी म्हणून अर्ज लिहिला आणि परतीची गाडी चुकेल म्हणून घाईने निघाल्या. नक्कल यायला पंधरा दिवस लागतील, असं तो गृहस्थ म्हणाला.

घरी आल्यावर मात्र दोन रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत. जास्तीचं मूल म्हणून बाकीच्या पाचांपैकी एखादं नाव घेतलं तर म्हातारी सुखाने डोळे मिटेल. पण पस्तीस वर्षांत बाईंनी एक रेघ खोटी ओढली नव्हती. शेवटी त्या पुन्हा माळावर गेल्या आणि आत्यासमोर ते टिपण ठेवलं.

आत्याने ते डोळ्यांजवळ धरून वाचलं. एकदा, मग परत एकदा.

"मधला," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे आम्ही सगळेच. मी, माझा भाऊ, हा भाचा... सगळे त्याचे."

बाईंना वाटलं, ती आता कोसळेल. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पण आत्याच्या चेहऱ्यावर काहीतरी भलतंच उमटत होतं. ती चक्क हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"अहो बाई, मी जन्मभर घाबरले, की आमच्या घरात कुणीतरी शिरलंय. कुणी शिरलंच नव्हतं! मधला इथलाच होता. या मातीचा. बाकीचे पाहुणे होते, ते आले आणि गेले. आम्ही राहिलो, कारण आम्ही इथलेच." तिने पदराने तोंड पुसलं. "मास्तरला मात्र उगाच नाही म्हटलं मी. वेडीच होते. त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बरं, मग काय झालं?"

त्या दिवशी आत्याने साठ वर्षांत पहिल्यांदा घरातली ताटं स्वतः मांडली. सूनबाई दारात उभी राहून बघत राहिली. किती मांडली ते बाईंनी मोजलं नाही, पण चळत संपली होती.

झाड पुरं झालं. मधल्याचं नाव बाईंनी त्याच्या जागी, आईबापांखाली लिहिलं, आणि जोडणारी रेघ तेवढी तुटक काढली. कचेरीत अनिश्चित हद्द दाखवायला त्या अशीच रेघ काढत. आत्याने कागद चौकटीत घालून भिंतीला लावला. महिनाभराने ती झोपेतच गेली, शांतपणे. भाच्याचा फोन आला, "शेवटपर्यंत खुशीत होती हो. तुमचं नाव काढायची."

दप्तरखान्यातली नक्कल त्यानंतर आली. पंधरा दिवसांचे पन्नास झाले होते. पाकिटात दोन पानं होती, आणि त्या गृहस्थाची चिठ्ठी.

"बाई, उशिराबद्दल क्षमा असावी. तुम्ही घाईत निघालात. त्याच कुटुंबाची आणखी एक नोंद चार दिवसांनंतरच्या पानावर आहे, उपयोगी पडेल म्हणून तीही जोडली आहे. पुढच्या दहा वर्षांच्या वह्या मी स्वतः चाळल्या. हे कुटुंब पुन्हा नदीपलीकडे, माळावर गेल्याची नोंद कुठेही नाही."

बाईंनी दुसरं पान उजेडात धरलं. तेच सुरेख अक्षर होतं.

"माळावरून परत. गाडी नाही, बैल नाहीत, नांगर नाही, सामान नाही. नवरा, बायको, मुले पाच, सर्व पायी. वये पूर्वीप्रमाणे. शेरा: जमीन का सोडली असे विचारता पुरुष म्हणतो, जागा मोकळी नाही, तिथे आधीच आम्ही राहतो आहोत."