विल्मॉट साहेबाचा खांब

शुक्रवार होता. निजामपुऱ्यातले कापडाचे लूम सुट्टीमुळे बंद, त्यामुळे दोन गल्ल्यांपलीकडे कोणी धुणं आपटत होतं तेही ऐकू येत होतं. शेलार गावचा काळूराम पाथरवट आणि त्याची बायको चंद्रा सकाळपासून खाडीजवळच्या जुन्या पेठेत विल्मॉट साहेबाचा खांब उतरवत होती. रस्ता रुंद व्हायचा होता, म्हणून खांब दगड दगड सोडवून बागेत पुन्हा उभा करायचा होता. त्यावरच्या संगमरवरी पाटीवर कोरलं होतं, की खाडीचा चिखल बुजवून या साहेबानं ही पेठ वसवली. साहेब माणूस म्हणून कसा होता, हे सांगायला मात्र आता कोणी उरलं नव्हतं.

दुपारपर्यंत वरचे थर निघाले. उरला चौथरा. चंद्रा पलीकडच्या बाजूला ताडपत्रीच्या सावलीत कळशी घेऊन टेकली. काळूरामनं सांध्यात छिन्नी घातली, तीन ठोके दिले आणि घाम पुसायला थांबला.

आतून तीन ठोके आले.

घुमला असेल आवाज, असं म्हणून त्यानं मुद्दाम दोनच दिले. बराच वेळ काही नाही. मग आतून दोन ठोके आले, दमलेल्या हातानं द्यावेत तसे सावकाश. सांध्यातून ओल्या चुन्याचा वास येऊ लागला. एवढा जुना चुना, आणि वास मात्र काल कालवल्यासारखा.

त्यानं ठेकेदाराच्या मुकादमाला, हितेशला, फोन लावला. हितेश म्हणाला, ट्रकांचे हादरे असतील. संध्याकाळपर्यंत चौथरा काढ, नाहीतर सकाळी ब्रेकर लावतो. काळूरामनं फोन खिशात टाकला. ब्रेकर दगडाचा कसा भुगा करतो, ते त्यानं खूपदा पाहिलं होतं. आत जर कोणी असेल...

तो वाकला आणि सांध्याला तोंड लावून हळूच म्हणाला, "कोन हाय आत?"

आतून कोणीतरी दगडाला ओठ टेकवल्यासारखा, अगदी जवळून, एक थकलेला आवाज आला.

"साहेब... गेला?"

 सगळं टाकून पळावं असं काळूरामला वाटलं, पण पाय निघेना. तो आवाज भीती घालणारा नव्हता, तो स्वतःच भ्यालेला होता. मुकादमाची पाठ वळली का, हे त्यानंही जन्मभर असंच विचारलं होतं.

"गेला," तो म्हणाला. "कवाच गेला. आता कुनी साहेब न्हाय."

"खरं...?"

"आईची आन."

आत कोणीतरी लांब श्वास सोडला. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

काळूरामनं पहारीला हात लावला नाही. नखानं खरवडावा तसा त्यानं चारी बाजूंचा चुना काढला. मगरीबची अजान झाली, उजेड उतरला, तेव्हा दगड सुटला आणि अलगद हातात आला. आत नुसता अंधार. बॅटरी टेम्पोत होती. तो जाऊन घेऊन आला आणि त्यानं उजेड टाकला.

उकिडवा बसलेला माणूस मावेल एवढी पोकळी होती. रिकामी. चारी भिंतींवर छिन्नीचे वार होते, सगळे आतल्या बाजूनं. मघाचा दगड हाताला एवढा हलका का लागला, ते त्याला आत्ता कळलं. आतून कोरून कोरून तो दोन बोटं जाडीचाच उरला होता.

तो तिथंच खाली बसला. तेवढ्यात पलीकडून चंद्रा आली. तिच्या हातातली कळशी उपडी होती.

"अवो, तो म्हातारा कुठला आनलात? अख्खी कळशी प्याला. सगळं आंग चुन्यानं पांढरं व्हतं."

कुठं गेला, असं काळूरामनं विचारलं. तिनं पेठेच्या घरांकडे हात केला.

"त्या घरांच्या जोत्यातल्या बाकीच्यांना काढलंत का, म्हनला... मी इचारलं, किती हायेत? तर बोटांवर मोजाया लागला. दोनी हातांची बोटं सपली," चंद्राचा आवाज खाली आला, "तरी मोजतच व्हता."