देवाकडे पाठ नको

पांढरा चेंडू घरंगळत आला आणि हेमांगीच्या पेटीला टक्कन लागला.

सारंगखेड्यात दत्तजयंतीचा सप्ताह बसलेला. कीर्तनाला पेटीची साथ तिची, म्हणून ती लवकरच आलेली. मंडपात दुसरं कुणी नाही – फक्त देव, आणि हातात लांब दांडी घेतलेला एक उंच तरुण.

"काय करी ऱ्हायनात हो? देवापुढे विटीदांडू?"

"गोल्फ..." तो लाजला. "मी धर्मेंद्र. सुरतच्या मैदानावर गवत राखता राखता शिकलो. परवा क्लबच्या संघाची निवड शे. लांबचे फटके जमतात, पण हे शेवटचं हळूच ढकलणं... तिथंच घोडं अडतं. सप्ताहाला गावी आलो, तर इथं सपाट जागा म्हणजे हे जाजमच."

आडवा ठेवलेला लोटा म्हणजे भोक. त्यानं चेंडू ढकलला. डावीकडून निसटला. पुन्हा डावीकडून!

हेमांगीला चैन पडेना. ती खाली बसून निरखू लागली. पाय रेषेत. दांडीचं तोंड सरळ. पण खांदे...

"खांदे लोट्याच्या डावीकडे वळलेत. कसाले?"

त्याची मान हळूच मागे वळली – गाभाऱ्याकडे. देवाला पाठ दाखवायची नाही, म्हणून अंग आपोआप तिरकं!

"मन्ही माय लहानपणापासून सांगत आली..." तो पुटपुटला.

हेमांगी खळखळून हसली. "अहो, मग अंग कसाले वळवता? लोटा हलवा ना!"

तिनं लोटा उचलला, मधली वाट ओलांडून बायकांच्या बाजूला ठेवला आणि पेटी ओढून शेजारी बसली. "आता इकडे मारा. देव समोर."

तो फिरून उभा राहिला. दत्ताला हात जोडले. खांदे सरळ झाले... खण्ण! चेंडू लोट्यात. मग पुन्हा खण्ण. तिनं पेटीवर सूर धरला, तेव्हा त्याची नजर चेंडूवरून उठली – आणि जरा जास्तच रेंगाळली.

"सुरतले देव कोठे ऱ्हाई?" तिनं विचारलं.

"समोरच शे, असं मनात समजी लेसू."

काल्याच्या दिवशी, मंडप भरण्याआधी सूर लावताना, तिची बोटं पेटीवर अडखळत होती. निवड झाली असेल? झाली नसेल तर...? लोटा तिथंच, तिच्या शेजारी. इतक्यात जाजमावरून चेंडू आला, लोट्याला चुकवून तिच्या गुडघ्याशी थांबला.

तिनं झटकन वर पाहिलं. "चुकला! निवड नही झाली?"

"झाली." धर्मेंद्र दांडी टेकून उभा. खांदे अगदी सरळ.

"मग हा बाजूला कसा?"

"चुकना नही. आज लोट्याकडे बघत होतं कोण?"

हेमांगीनं चेंडू ओढणीच्या टोकात बांधला. गाल तापले, तरी डोळे मिस्कील.

"हाऊ चेंडू आता मन्हाजवळ. पाहिजे असेल तर उद्या घर या..." बाहेर टाळ वाजू लागले. "मन्हा बापू घरीच शेतस."