उपाशी ठेवलेली पिल्लं

शुद्धलेखनाच्या चुका निघतील, त्या पोटात घाला. शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे माझे शब्दही साधेच आहेत. माझ्या मावसभावानं, श्रीहरीनं, जसं सांगितलं तसं मांडतो.

सन शहाऐंशीचा मे महिना. श्रीहरी चंद्रपूरला बी.एस्सी. करत होता, वडील माजरीच्या कोळसा खाणीत कामाला. कॉलेजातले गुणवंतराव सर पांढऱ्या उंदरांवर संशोधन करायचे. पिल्लांना पाजणाऱ्या मादीच्या मेंदूत असं काय होतं, की ती लगेच पुन्हा गाभण राहत नाही, हे त्यांना शोधायचं होतं. उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याला ते हाताशी घेणार होते. काम जमलं तर एम.एस्सी.ला त्यांच्याच प्रयोगशाळेत जागा. श्रीहरीला ती जागा हवीच होती. घरात कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच.

उंदीर रात्री जागतात, पण सरांना ते दिवसा जागे हवे होते. म्हणून त्यांच्या खोलीत सगळं उलटं होतं. रात्रभर दिवे आणि दिवसा काळोख. खिडक्यांना काळे कागद, कोपऱ्यात एक मिणमिणता लाल बल्ब. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत मध्यरात्र.

सकाळी पिल्लं आईपासून तोडायची. सर त्या आईचं डोकं छाटून मेंदू काढून घेत, आणि त्याच्या पातळ चकत्या काचपट्ट्यांवर रंगवायचं काम श्रीहरीचं. पिल्लं काचेच्या भांड्यात दिवसभर उपाशी ठेवायची आणि संध्याकाळी दुसऱ्या मादीला लावायची. भुकेलं तोंड लागलं की तिच्या मेंदूत काय होतं, ते पाहायचं. पिल्लांची कातडी इतकी पातळ असते, की प्यालेलं दूध पोटात पांढरं दिसतं.

आणि श्रीहरीच्या उपाशी पिल्लांची पोटं रोज संध्याकाळी पांढरी दिसायची.

"दया येते का तुला?" सर म्हणाले. "कापसानं दूध पाजतोस?"

"नाई सर. हातबी लावला नाई मी."

"मग आभाळातून पडलं का? उद्या पुन्हा असं झालं, तर खोलीची किल्ली साबिराला दे."

साबिरा त्याच्याच वर्गातली. जागा तिलाही हवी होती. बाहेर आल्यावर ती हसली. "उंदरायची दाई झाला तू. आत्ताच दे न किल्ली, कायले जीव जाळून राह्यला?"

"मरीन, पण किल्ली नाई देणार तुले," श्रीहरी तडकून म्हणाला. महिनाभराची मेहनत मातीत चालली होती, आणि चूक कुठं होते तेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आतून कडी घातली आणि पिल्लांचं भांडं मांडीवर घेऊन बसला. त्यांची आई सकाळीच मेली होती. बाकी माद्या जाळीच्या पिंजऱ्यांत बंद होत्या. भुशाचा, मुताचा उग्र वास. पिल्लं वळवळत होती. पोटं रिकामी, गुलाबी.

दुपारी लाईट गेली.

लाल बल्ब विझला आणि पिंजऱ्यांतली खुडबुड एकदम थांबली. मग मांडीवरच्या भांड्यातून आवाज येऊ लागला... चुटुक... चुटुक... कोवळ्या दुधाचा वास पसरला. भांडं जड झालं होतं.

"कोण आहे?" तो पुटपुटला. आपण कोणाला विचारतोय, हे त्यालाही कळेना.

त्यानं झाकण सरकवून बोट आत घातलं. ऊबदार केस लागले. ते अंग श्वास घेत होतं... पण बोट जिथं डोकं असायला हवं तिथं गेलं, आणि तिथं काहीच नव्हतं. तरीही कुठून तरी एक ओलसर जीभ आली आणि त्याचं बोट चाटू लागली. सावकाश. पिल्लाला चाटावं तशी.

लाईट आली तेव्हा भांड्यात फक्त पिल्लं होती. झोपलेली. सगळ्यांची पोटं पांढरीशुभ्र.

सर त्या दिवशी सकाळचं काम उरकून गावाला गेले होते. पिल्लं उपाशीच होती म्हणून सांगितलं असतं, तर जागा त्याचीच होती. पण जागा मिळाली असती, तर त्या काळोखात आणखी दोन वर्षं बसावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर परतल्यावर तो त्यांच्यासमोर उभा राहिला. "दूध मीच पाजलं, सर." सरांनी मान वर न करता 'जा' म्हणून हात हलवला.

व्हरांड्यात त्यानं किल्ली साबिरासमोर धरली. ती घेता घेता थबकली. काचपट्ट्या रंगवून त्याचे दोन्ही हात महिनाभर लालगुलाबी होते. साबणानंही तो रंग जात नसे.

"हे एकच बोट काऊन धुतलं बे तू?" तिनं विचारलं.

ते बोट पार कोरं होतं, आताच जन्मलेल्या लेकराचं असावं तसं. श्रीहरीनं हात खिशात घातला, तिच्याकडे न बघता पायऱ्या उतरला आणि माजरीची बस धरली.