बेटावरचा सदरा

"ताई, माह्या बाबांचा सदरा चोरीले गेला," अमोलनं दारातूनच सांगितलं.

मोतीराममामांनी चहाचा कप खाली ठेवला. जन्मभर एसटी हाकून झाल्यावर ते आता भाचीची गाडी चालवायचे. भाची रागिणी म्हणजे अमरावतीतली खाजगी गुप्तहेर. एखादा तरी दरोडा वाट्याला यावा ही मामांची जुनी हौस, आणि हे पोरगं सदरा घेऊन आलं होतं!

पण पोराचे डोळे भरलेले होते. अमोल सिनेमा करत होता. निर्जन बेटावर एकटा अडकलेला माणूस, एवढीच गोष्ट. मोर्शीजवळच्या धरणात, त्याच्या गावासमोरच एक बेट होतं. नायकाच्या अंगात पहिल्यापासून निळ्या रेघांचा, काजळीनं माखवलेला एकच सदरा, अमोलच्या वारलेल्या वडिलांचा, पुंजारामांचा. शेवटी दूर नाव दिसते, नायक सदरा पेटवून धूर करतो आणि सुटतो. तेवढंच चित्रीकरण उरलं होतं.

"परवा जेवताना हा शेवट सगळ्याईले वाचून दाखवला. काल कपड्याईची पेटी उघडली, तं सदरा गायब!"

"मग दुसरा घे की," मामा म्हणाले.

"तसा कुठून आणू, मामा? अन् पाणी उतरून राह्यलं. दोन दिवसांत म्हशी पायी जातीन त्या बेटावर. मंग कायचं बेट?"

रागिणीनं गाडीची किल्ली मामांच्या हातात दिली.

गावी पोचल्यावर अमोलनं स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी काढली. आत सिनेमातल्या नावाड्यासाठी आणलेला कोरा, महागाचा सदरा घडीसुद्धा न मोडता पडला होता. कोपऱ्यात कागदाची पुडी. पुडीत जुन्या सदऱ्याची बटणं, दोरे कात्रीनं नीट कापलेले.

"चोरानं बटणं काहून ठेवली?" मामा बुचकळ्यात पडले.

"त्याला नको होती म्हणून," रागिणी म्हणाली. मामांना हे उत्तर वाटलं नाही.

ओट्यावर नायक बसला होता. अकोल्याचा नाटकवाला कुलदीप, छातीपर्यंत दाढी, भूमिकेसाठी उपाशी राहून हाडं वर आलेली.

"मी चोरीन? माह्यं लगन ठरलं, ताई. सासरा म्हंते, या दाढीनं मांडवात येऊ नको. शेवटचा सीन झाल्याबिगर ती काढता येत नाई. मी काहून लांबवू?"

अमोलची बायको आरती भिंतीचा आधार घेत खाली बसली. माहेर धारणीकडे, रस्ता खडबडीत, म्हणून बाळंतपण इथंच व्हायचं होतं. "राग आला होता मले," ती सरळ म्हणाली. "मी अशी, अन् हे दिवसभर बेटावर! पन सदऱ्याले हात नाई लावला."

मामांचा जीव हळहळला. "दिवस भरत आले वाटते. पाळणा, झबली, सगळं तयार ना?"

तेवढ्यात अमोलची आई पार्वताबाई भाकरी घेऊन आली. तिनं ताट आपटलंच. "आसं बोलू नये, भाऊ. येनाऱ्याले आदी येऊ द्या." मामांनी जीभ चावली.

मग म्हातारी चटकन स्टुलावर चढली आणि माळ्यावरून लोणच्याची बरणी घेऊन उतरली.

"सदऱ्याचं काय, मावशी?" रागिणीनं विचारलं.

"मीच देल्ला होता पोराले. देल्लं ते देल्लं."

अंगणात बादलीभर पाण्यात उकळलेला कडुनिंबाचा पाला होता. पाणी काजळीनं काळं. "कोणाला गोवर आलाय का?" रागिणीनं सहज विचारलं. पार्वताबाईनं बादली झाडाच्या बुडाशी रिकामी केली.

संध्याकाळी रागिणी अमोलला आणि मामांना पाण्याच्या काठी घेऊन गेली.

"कुलदीपला उशीर नकोय. आरतीला या दिवसांत स्टुलावर चढवत नाही. चोराला कोरा सदरा नको होता, जुना, धुऊन धुऊन मऊ झालेलाच हवा होता. निंबाच्या पाण्यात त्याची काजळी धुतली. आणि बटणं नकोत. मामा, बटणं नसलेलं, नुसत्या बंदांचं काय असतं?"

मामा विचारात पडले. "झबलं!" ते एकदम ओरडले.

"बाळाच्या अंगाला पहिलं लागावं ते घरातल्या मोठ्या माणसाचं जुनं कापड, अशी रीत. आजोबा तर राहिले नाहीत, त्यांचा सदरा होता. तो तू जाळणार हे आईला परवा कळलं, अमोल."

"मंग मले सांगाचं ना!"

"काय सांगणार? दिलेलं परत मागायचं तर कारण द्यावं लागतं. आणि बाळ येण्याआधी त्याच्या कपड्यांचं नावही काढायचं नाही. मामांसमोर ताट आपटलं ते उगीच नाही. बटणं मात्र तुझी तुला परत ठेवली. असा चोर मी पाहिला नाही."

"सदरा फाडला असंन का आता?"

"बाळ येण्याआधी काही शिवतच नाहीत, तर फाडतील कशाला? अख्खा असेल."

अमोल काठावरच खाली बसला. "मले वाटे, पडद्यावर तेवढेच बाबा उरतीन. आईच्या मनात काय आहे, थे पाह्यलंच नाई मी." त्याला रडू आवरेना. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "आई, उद्याच्यापुरता सदरा दे. जाळत नाई. आरतीची शपथ."

पार्वताबाई उठली. धान्याच्या कोठीतून स्वच्छ धुतलेला सदरा काढला, सुईत दोरा ओवला आणि बटणं लावायला बसली.

"याची तं काजळी गेली!" कुलदीप म्हणाला.

"चहूकडं पाणी असताना माणूस कधी सदरा धुणार नाही होय?" रागिणी म्हणाली, आणि सिनेमाचा शेवट बदलला.

सकाळी कुलदीप बेटाच्या टोकावर उभा राहून काठीला बांधलेला सदरा जीव तोडून हलवू लागला. काठावरून सगळे पाहत होते. आणि पार्वताबाईला राहवलं नाही.

"हळू रे बाबू! फाटन ना तो!"

मामांनी कपाळावर हात मारला. पण कुलदीप दचकून हाकेच्या दिशेनं वळला, आणि त्याचा सगळा चेहरा उजळला. इतके दिवस एकट्यानं काढलेल्या माणसाला पहिल्यांदा कोणीतरी हाक मारली होती. अमोलनं कॅमेरा थांबवला नाही. आईची हाक त्यानं सिनेमात तशीच ठेवली.

दुपारी पार्वताबाईनं सदऱ्याची घडी केली आणि न बोलता आरतीच्या मांडीवर ठेवली. मामांच्या ओठावर काहीतरी आलं होतं. रागिणीनं नुसतं पाहिलं. मामांनी शहाण्यासारखा भाकरीचा तुकडा तोंडात घातला.