वैनापूरचा होकारबिंदू

३ मे २०६१ रोजी सकाळी दहा वाजता वैनापूर शहराचे तापमान ४५ अंश होते आणि आकर्षणांक ६४.४. मापनकेंद्रात तापमानाकडे कोणी पाहत नव्हते. महापालिका आयुक्त विश्राम काळमेघ भिंतीएवढ्या पडद्यासमोर उभे होते आणि त्यांच्या हातात पेढ्यांचा डबा होता.

"एका आठवड्यात तीन पॉइंट एक," ते म्हणाले. "आता तरी तोंड गोड करा, मॅडम."

केंद्राच्या संचालक डॉ. करुणा रामटेके यांनी डबा घेऊन टेबलावर ठेवला आणि उघडला नाही.

आकर्षणांक म्हणजे गुंतवणूकदारांना एखादे शहर किती हवेसे वाटते याचे शून्य ते शंभर असे माप. पूर्वी हे माप प्रश्नावल्या पाठवून काढत. गुंतवणूकदार सभ्य उत्तरे देत आणि पैसा भलत्याच शहरात नेत. करुणाने बारा वर्षांपूर्वी प्रश्नावली मोडीत काढली आणि त्याजागी नगरप्रतिरूप उभे केले. संगणकात वसवलेले हे दुसरे वैनापूर होते. त्यात खऱ्या शहरातल्या पंचेचाळीस लाख माणसांएवढीच माणसे होती. विजेचे मीटर, दवाखाने, रोजगार केंद्रे आणि जमिनीचे व्यवहार यांतून त्यांची माहिती दर मिनिटाला ताजी होई. या शहरापुढे यंत्र काल्पनिक गुंतवणूकदारांचे प्रस्ताव ठेवी. इतकी जमीन द्या, इतक्या पगारात या, इतके तास थांबा. शहर हो म्हणाले की पुढचा प्रस्ताव थोडा अधिक कडक येई. असे करत शहर ज्या अटीला शेवटचे हो म्हणे तो त्याचा होकारबिंदू. लाखो प्रस्तावांच्या होकारबिंदूंवरून आकर्षणांक निघे. पैसा पुढच्या वर्षी कुठे जाणार हे यंत्र शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा अचूक सांगत होते.

वैनापूरला सत्तर हवे होते. मागच्या उन्हाळ्यात शहरात उष्म्याने अकराशे चाळीस माणसे मेली होती. यावर उपाय ठरलेला होता. शहराच्या उत्तरेला बंद पडलेल्या कोळसा खाणी पाण्याने भरल्या होत्या. ते पाणी हिवाळ्यात गार करून साठवायचे आणि उन्हाळ्यात जमिनीखालच्या नळांतून घराघरांच्या छतांपर्यंत खेळवायचे. या शीतजालाचा आराखडा तयार होता. ते बांधण्याची ऐपत असलेला एकच गुंतवणूकदार पुढे आला होता, दीर्घपल्ला निधी. सत्तरच्या खालच्या शहरात निधी येत नसे.

काळमेघांनी मुलगी दाखवायची असावी तसे शहर सजवले होते. उड्डाणपूल रंगवले, चौकाचौकात कुंड्या मांडल्या, झोपडपट्ट्यांसमोर हिरवे कापड ताणले. अंक हलला नाही. शेवटी त्यांनी औद्योगिक पट्ट्याला चोवीस तास वीज दिली आणि अंक उसळला. ही वीज आणायची कुठून, तर शहरातल्या चाळीस गारवाघरांपैकी सहा दुपारची बंद केली. ज्यांच्या घरात कूलर चालत नाही त्यांनी दुपारी येऊन पडावे यासाठी ही गारवाघरे होती.

"मी काल एक करून पाहिलं," करुणा म्हणाली. तिने प्रतिरूपातल्या उड्डाणपुलांचा रंग काढला. अंक ६४.४च राहिला. कुंड्या आणि हिरवे कापड काढले. ६४.४. औद्योगिक पट्ट्याची जादा वीज तोडली. ६४.२. मग सहा गारवाघरे पुन्हा उघडली.

पडद्यावर ६१.३ उमटले.

काळमेघ पडद्याच्या आणखी जवळ गेले. "गारवाघर बंद केल्यानं शहर आकर्षक कसं होईल?"

"शहर आकर्षक होत नाही, अगतिक होतं. अगतिक माणूस पटकन हो म्हणतो. यंत्राला यातला फरक कळत नाही."

"यंत्राचं सोडा. गुंतवणूकदाराला तरी कळतो ना?"

"गेली तीस वर्षं पैसा कुठे गेला, त्यावरूनच यंत्र शिकलंय, सर. त्यांना कळत असता तर यंत्रालाही कळला असता."

काळमेघांनी खुर्ची ओढली. त्यांचा पुढचा प्रश्न काय असेल ते करुणाला ठाऊक होते, कारण तो तिने आदल्या दिवशीच यंत्राला विचारला होता. चाळीसही गारवाघरे बंद केली तर अंक ७०.४ होत होता. निधी अकरा दिवसांची सरासरी धरत असे. अकरा दिवस बंद, आणि त्याबदल्यात कायमचा गारवा. किती माणसे दगावतील याचाही अंदाज यंत्राने दिला होता. पंचवीस ते चाळीस. शीतजाल नसेल तर पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात हजारावर.

हिशेब सरळ होता. दोघांनी तो दोनदा तपासला.

इमलीबागेतले गारवाघर करुणाची धाकटी बहीण प्रमिला मेश्राम चालवत होती. तीनशे खाटा आणि रोज दारात उभी राहणारी दोन हजार माणसे. प्रमिला नर्स होती आणि वस्तीत तिची ख्याती वेगळीच होती. प्रमिलाबाईंकडून हो काढायचे म्हणजे बाभळीला आंबे लावायचे, असे लोक म्हणत. कूलरचा पंप तीन आठवडे मिळेना, तेव्हा तिने पाहणीला आलेल्या अभियंत्याला आतच कोंडून घेतले होते आणि पंप येईपर्यंत त्याला दर तासाला चहा पाजला होता. तिसऱ्या कपानंतर त्याने स्वतःच फोन लावला होता.

करुणाने तिला खरे तेच सांगितले. निदान बहिणीशी खोटे बोलायचे नाही असे तिने ठरवले होते.

प्रमिलाने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हंजे माणसं तापवाची, का त्यायले पुढं थंड करता यावं. हे शाळेत शिकली का वं तू?"

"अकरा दिवस, पमे. फक्त अकरा. नंतर तुझ्या या खाटाच लागणार नाहीत. घरोघर गारवा येईल."

"कोण मरन ते सांगते का तुहं यंत्र? नाव-गाव?"

करुणा म्हणाली की तसे सांगता येत नाही.

"मले येते," प्रमिला म्हणाली. "नाही म्हंजे नाही."

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी कुलूप लावले. कारण दुरुस्तीचे दिले होते. प्रमिलाने खाटा बाहेर व्हरांड्यात ओढल्या, गोणपाटे भिजवून टांगली आणि अकरा दिवस माणसांच्या अंगावर पाणी शिंपडत बसली. शहरात एकतीस माणसे गेली. इमलीबागेत चार. प्रमिलाने बहिणीला फोन करून फक्त खाटांचे क्रमांक सांगितले, अठरा, चाळीस, एकशे सहा, दोनशे एक. त्यानंतर दोन वर्षे दोघींचे बोलणे झाले नाही.

सरासरी ७०.४ आली. यंत्र दशांशापर्यंत बरोबर होते.

करारासाठी निधीच्या वतीने फिरोजा दस्तूर मुंबईहून आल्या. साठीच्या, शांत, गणिताच्या बाई. आजवरच्या करारांत अंक एकदाच, सहीपूर्वी पाहत. या करारात नवे कलम होते. शीतजालाच्या झडपा मापनकेंद्राच्या यंत्राला जोडलेल्या असतील आणि आकर्षणांक सत्तरच्या वर राहील इतपतच त्या उघडतील. काळमेघांना त्यात गैर दिसले नाही. अंक खाली येऊ द्यायचाच नाही, ही त्यांना शहराच्या अब्रूची गोष्ट वाटली. दर मिनिटाला अंक देणारे यंत्र आपणच उभे केले आणि परिषदांतून त्याची वाखाणणी केली, हे करुणाला आठवले.

"लोकांना गारवा मिळाला की ते नाही म्हणायला लागतील," ती म्हणाली. "अंक पडेल. म्हणजे झडपा बंद होतील."

"अगदी बरोबर, डॉक्टर," फिरोजाबाई म्हणाल्या. "म्हणून तर कलम घातलं. तुमचं शहर आम्ही ज्या गुणासाठी निवडलं, तो गुण आमच्याच पैशानं नाहीसा झाला तर आमच्या लोकांना काय सांगू?"

काळमेघांनी करुणाला बाहेर बोलावले. त्यांचे म्हणणे असे, की नळ एकदा जमिनीत गेले की ते कोणी उपटून नेणार नाही. झडपांचे पुढे पाहता येईल. एकतीस माणसांनंतर सही न करता उठायचे, तर त्यांच्या घरच्यांना काय सांगायचे? करुणाने साक्षीदार म्हणून सही केली.

२ एप्रिल २०६३ रोजी सकाळी शीतजाल सुरू झाले. बाहेर ४४ अंश असताना इमलीबागेतल्या पत्र्याच्या घरांत २७ झाले. लोक दारे लावून झोपले. पुष्कळांनी कित्येक वर्षांनंतर दुपारची झोप घेतली. तीन वाजता औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांनी दुसरी पाळी करायला नकार दिला. चारपर्यंत जमिनीचे दोनशे व्यवहार मालकांनी मागे घेतले. पाच वाजता अंक ६६.८ झाला आणि झडपा बंद झाल्या. खाणी पाण्याने भरलेल्या होत्या आणि घरे पुन्हा तापली.

यंत्राने तीन दिवस वेगवेगळी वेळापत्रके करून पाहिली आणि एक मर्यादा काढली. दिवसाला चाळीस मिनिटे. एवढ्याने माणसे मरत नव्हती, शहर सोडून जात नव्हती, आणि नाही म्हणण्याइतकी ताजीतवानीही होत नव्हती. प्रत्येक प्रभागाच्या अध्यक्षांकडे फोनवर संमती मागण्यात आली. मान्य किंवा अमान्य.

त्या आठवड्यात करुणाने करार पुन्हा वाचला आणि तिला एक वाट सापडली. निधीने स्वतःच्या सोयीसाठी घातलेले कलम होते. आकर्षणांक सलग नव्वद दिवस चाळीसच्या खाली राहिला, तर निधी अंग काढून घेईल आणि शीतजाल झडपांसकट शहराचे होईल. यंत्राला विचारता उत्तर स्पष्ट आले. अडतीसपैकी बारा प्रभागांनी अमान्य म्हटले आणि त्यावर टिकून राहिले, तर शहराचा होकारबिंदू कोसळतो. नकार मोजता येत होता आणि बारा प्रभागांचा नकार पुरेसा होता. अकरा अध्यक्षांना ती गाठून आली. सगळ्यांचे एकच म्हणणे पडले. इमलीबागेच्या अध्यक्ष प्रमिलाबाई काय म्हणतात ते बघू.

नऊ एप्रिलला दुपारी करुणा इमलीबागेत गेली. गारवाघर शीतजाल आले म्हणून बंद झाले होते. प्रमिला व्हरांड्यात एका म्हातारीच्या पायाला ओले फडके गुंडाळत होती. तिने बहिणीला बस म्हटले नाही, पण खाटेवरची बादली उचलून जागा केली.

करुणाने सगळे सांगितले. कलम, बारा प्रभाग, नव्वद दिवस.

"त्या नव्वद दिवसांत नळ?" प्रमिलाने विचारले.

"नकार देणाऱ्या प्रभागांत पूर्ण बंद."

"म्हंजे पुरा उन्हाळा."

"पुरा उन्हाळा. पण नंतर नळ आपले, पमे. कोणाच्या अंकावर नाही चालणार. आयुष्यभर नाही म्हणत आलीस तू. लोक तुझ्याकडे बघून थांबलेत."

प्रमिलाने फडके पिळले. तिचे मनगट बारीक झाले होते. "मागच्या बारीले तू अकरा दिवस म्हणाली होती."

"तेव्हा मी चुकले. हा हिशेब बरोबर आहे."

"तोबी बरोबरच होता ना वं. पंचवीस ते चाळीस म्हणाली, एकतीस गेले." ती म्हातारीच्या पायाकडे पाहत होती. "तुहं काहीच चुकत नाही, ताई. तेच तं झालं आहे. आता नव्वद दिवसाचे किती सांगते तुहं यंत्र?"

करुणाने आकडा सांगितला.

प्रमिलाने पदराआडून फोन काढून बहिणीच्या हातात दिला. "मले चष्म्याबिगर वाचता येत नाही. चाळीस मिनिटं तं चाळीस मिनिटं. भर दुपारी तीनले देता का विचार त्यायले. म्हाताऱ्यायचं तेवढं भागन."

करुणाने प्रश्न टाईप केला. उत्तर लगेच आले. दुपारी तीन वाजता, तीस मिनिटे. मान्य किंवा अमान्य.

"तीस म्हणतात," ती म्हणाली. "पमे, नको."

"हो म्हण."

करुणाचा हात उचलला गेला नाही. प्रमिलाने फोन परत घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि मान्य दाबले.

नगरप्रतिरूपात होकारानंतर काय येते हे करुणाला माहीत होते. तो नियम तिने चौदा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहिला होता. झडपा चालवणारे यंत्र तेच होते आणि आता त्याच्यापुढे प्रतिरूप नव्हते, खरे शहर होते. फोन पुन्हा थरथरला. दुपारी तीन वाजता, पंचवीस मिनिटे. मान्य किंवा अमान्य.

स्क्रीनवर घामाचा थेंब पडला होता. प्रमिलाने पदराने तो पुसला, अंगठाही कोरडा केला, आणि बहिणीला विचारले, "मान्य इकडलं का तिकडलं?"